सिनेमा लावून मराठी शिकवताना: अख्खा दाखवायचा की तीनच मिनिटं?

रविवारची_बाई

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज धागा काढायची वेळ आली.

न्यू जर्सीत आमच्या मंडळाची मराठी शाळा दर रविवारी सकाळी दोन तास भरते. लायब्ररीची एक खोली मिळते, फळा आपला आपण न्यायचा. माझ्याकडे १० ते १३ वयाची नऊ मुलं आहेत. सगळी इथेच जन्मलेली. ऐकलेलं बहुतेक कळतं, पण उत्तर इंग्रजीत येतं. ‘माझा आवडता सण’ यावर दहा ओळी लिहून आणा म्हटलं की दहाच्या दहा ओळी आईच्या हातच्या असतात, हे अक्षर न बघताही ओळखता येतं. कुठलं पोर आपणहून ‘मांगल्याचे वातावरण’ लिहील?

म्हणून डिसेंबरात सुट्टीच्या आधी ‘एलिझाबेथ एकादशी’ लावला. विचार असा की मुलं त्यांच्याच वयाची आहेत, सायकल आहे, पंढरपूर आहे, आपोआप काहीतरी डोक्यात जाईल. पहिली वीस मिनिटं बरी गेली. मग चिप्सच्या पिशव्या वाजायला लागल्या. शेवटी विचारलं, कसा वाटला? ‘छान.’ नऊ मुलं, नऊ वेळा ‘छान’. पुढच्या रविवारी विचारलं काय आठवतंय, तर ‘सायकल’.

खरी रुखरुख वेगळीच आहे. सिनेमा चालू असताना एकाने मोठ्याने विचारलं, ‘इथे सगळ्यांचं नाव माउली आहे का?’ मी म्हटलं, ‘शू, पुढे बघ.’ घरी येताना गाडीत डोक्यात प्रकाश पडला, की अख्ख्या दीड तासातला धडा तोच होता आणि तो मीच बंद केला.

शिवाय त्यातली पोरं शिव्या देतात म्हणून एका पालकांची मेल आली ती वेगळीच.

इथे बरीच शिक्षक मंडळी आहेत. भाषेच्या वर्गात सिनेमा तुम्ही कसा वापरता? की ‘आज शिकवायचा कंटाळा आलाय’ याचंच ते सोज्वळ नाव आहे?

---

तळटीप

शेवटच्या वाक्याला दंडवत. आमच्याकडे प्रोजेक्टरची वायर हातात दिसली की मुलं पाठीची सॅक खाली ठेवून पाय पसरतात. सिनेमा म्हणजे सुट्टी हे त्यांच्या अंगात इतकं भिनलेलं असतं.

मी पुण्यात जपानी शिकवते, चौदा वर्षं झाली. अख्खा सिनेमा लावणं मी केव्हाच बंद केलं. तीन ते चार मिनिटांचा एक तुकडा निवडायचा आणि त्यावर दीड तास काढायचा. पहिल्यांदा आवाज बंद. कोण कुठे बसलंय, आधी कोण वाकलं, किती वाकलं, कुणी कुणाच्या डोळ्यांत बघायचं टाळलं एवढंच टिपायचं. यांच्यात नातं काय असेल याचा अंदाज वहीत लिहायचा. मग आवाज लावून परत बघायचं. अंदाज चुकला असेल तर का चुकला, यावर जी भांडणं होतात तो माझा तास.

एक उदाहरण देते. जपानी दिग्दर्शक ओझूंचा ‘टोकियो स्टोरी’, १९५३ सालचा. म्हातारा-म्हातारी ओनोमिचीहून मुलांना भेटायला टोकियोला येतात. मुलांना वेळ नाही, म्हणून त्यांची रवानगी होते अतामीच्या गरम पाण्याच्या कुंडांकडे. पुढे एका ठिकाणी ती दोघं एकमेकांना म्हणतात की आपली मुलं इतरांपेक्षा बरी आहेत, आपण नशीबवानच. एन३ (जपानी भाषेच्या परीक्षेची मधली पातळी) पर्यंत आलेल्या मुलांना वाक्य सहज कळतं, एकही शब्द अडत नाही. आणि निम्मा वर्ग वहीत लिहितो: ‘आई-वडील समाधानी आहेत’!

मग मी विचारते, तुमची आजी फोनवर काय म्हणते? मागच्या वर्षी साताऱ्याची एक मुलगी बराच वेळ गप्प बसली आणि म्हणाली, ‘आजी म्हणते, मुलं चांगली आहेत हो, बिचाऱ्यांना वेळ नसतो.’ तिथून पुढे होन्ने आणि तातेमाए, म्हणजे मनातलं आणि दाखवायचं, हे फळ्यावर लिहून समजवावं लागलं नाही.

पण इथे एक खड्डा आहे. ‘अय्या, अगदी आपल्यासारखंच!’ हे वाक्य वर्गात आलं की मी सावध होते. आपली आजी फोनवर तसं म्हणते खरी, पण फोन ठेवल्यावर शेजारच्या काकूंकडे तासभर भडाभडा बोलून मोकळी होते. त्या सिनेमातल्या आजी कुणाकडेच बोलत नाहीत. साम्य हे दार आहे, पण फरक आतल्या खोलीत असतो आणि मुलं बऱ्याचदा दारातूनच परत फिरतात.

तुमच्या ‘माउली’वाल्या मुलासाठी मी सिनेमा तिथल्या तिथे थांबवला असता.

---

कोकणकडा

‘श्वास’ दाखवा. ‘किल्ला’ दाखवा. ‘श्यामची आई’ तर हवाच, १९५४ साली राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालेला सिनेमा आहे. संस्कार संस्कार म्हणतात ते हेच.

---

रविवारची_बाई

@तळटीप, वाचून आधी सुचेचना काही. तीन मिनिटांवर दीड तास! माझ्याकडे एकूण वेळच दोन तास, त्यातला अर्धा तास डबा खाण्यात जातो.

@कोकणकडा, ‘श्यामची आई’चा प्रयत्न केला होता. आई मारते तो भाग आला आणि एका मुलीने विचारलं, यांनी पोलिसांना फोन का नाही केला. मला पटकन उत्तर देता आलं नाही. संस्कार राहिले बाजूला.

---

करमाळा_एक्सप्रेस

धागा आवडला, पण यादी बघून रहावलं नाही. श्वास, किल्ला, श्यामची आई. तिन्हींत कोकण! पावसाळी हिरवळ, कौलारू घर, प्रेमळ आजोबा. परदेशातल्या पोरांना आपण ‘संस्कृती’ म्हणून जे देतो ते म्हणजे कॅलेंडरची पानं. मोदक, पैठणी, लेझीम.

‘फँड्री’ दाखवायचं धाडस आहे का कुणात? नागराज मंजुळे आमच्या करमाळा तालुक्यातले, जेऊरचे. त्या सिनेमातली बोली आमच्याकडची आहे आणि त्यातला मुलगा, जब्या, त्याच्या घरात कैकाडी बोलतात. ‘फँड्री’ म्हणजे कैकाडीत डुक्कर. म्हणजे मराठी सिनेमाचं नावच बहुतेक मराठी माणसांना कळलं नव्हतं, विचारावं लागलं. भाषेच्या शिक्षकाला याहून चांगली सुरुवात कुठे मिळणार? मराठी म्हणजे एक भाषा नव्हे, एकाच गावात शेजारच्या घरात दुसरी भाषा असते, आणि ती बोलायची लाज वाटायला कुणीतरी शिकवलेलं असतं.

---

साधीभोळी_आई

मी पालकाच्या बाजूने लिहिते. टेक्सासला असते. माझ्या मुलाला शाळेत आधीच विचारतात की तुमची कास्ट कुठली, तुमच्याकडे गायी रस्त्यावर फिरतात का. सामाजिक शास्त्राच्या पुस्तकात भारताच्या धड्याला जातींचा उतरंडीचा त्रिकोण छापलेला असतो. आठवड्यातून दोन तास तो मराठी मंडळात येतो, तेही ‘आम्ही किती वाईट’ हे बघायला? दोन तास तरी त्याला आपल्या घरचं काहीतरी आवडू दे. मोठा झाला की बघेल फँड्री. आम्ही नाही का मोठेपणीच पाहिला.

---

करमाळा_एक्सप्रेस

ताई, तुमचा मुद्दा समजतो, उपरोधाने म्हणत नाही. पण ‘आपल्या घरचं’ म्हणजे कुणाच्या घरचं, एवढंच विचारतो. तुमच्या त्या त्रिकोणात माणसं नाहीत, नुसत्या रेघा आहेत. जब्याला चेहरा आहे. त्याला जीन्स पॅन्ट हवीय, त्याला एक मुलगी आवडते, तो काळ्या चिमणीच्या मागे रानभर फिरतो. तेरा वर्षांच्या पोराला तो कळणार नाही असं वाटतं का तुम्हाला?

---

साधीभोळी_आई

कळेल. म्हणूनच भीती वाटते.

---

शब्दकोडं

थोडा शास्त्रार्थ करतो, माफी असावी. ब्रिटनमधले भाषाशिक्षणाचे अभ्यासक मायकेल बायरम यांनी १९९७ मध्ये आंतरसांस्कृतिक क्षमतेची, म्हणजे दुसऱ्या संस्कृतीतल्या माणसांशी समजून वागता येण्याची, मांडणी केली, त्यात पाच गोष्टी आहेत: वृत्ती, ज्ञान, दुसऱ्याकडचं काही वाचून आपल्याशी जोडून बघता येणं, नवीन माणसाशी बोलत बोलत शोधता येणं आणि चिकित्सक जाणीव. आपण वर्गात सण, पदार्थ, पेहराव यांवर जो वेळ घालवतो तो सगळा फक्त ‘ज्ञान’ या एका खणात जातो. ‘माउली कोण?’ हा प्रश्न वृत्तीचा आहे. मूल कुतूहलाने उघडलेलं असतं. करमाळा एक्सप्रेस म्हणतात ते शेवटच्या खणातलं. आणि बायरम यांच्या मांडणीत ती चिकित्सा फक्त दुसऱ्यांच्या संस्कृतीची नसते, स्वतःच्याही असते.

अडचण अशी की परदेशातल्या मराठी मुलांसाठी ‘स्वतःची’ कुठली आणि ‘दुसऱ्याची’ कुठली हेच ठरत नाही.

---

खारी_बिस्कीट

शब्दकोडं सर, पाच खण म्हटल्यावर मला मसाल्याचा डबाच दिसायला लागला. (हलके घ्या.)

मी जर्मन शिकवत नाही, शिकले आहे. आमच्या बाईंनी ‘गुड बाय लेनिन’ दाखवला होता, त्यातली भिंत-बिंत मी विसरून गेले. लक्षात राहिल्या त्या काकड्या! आई कोमात असताना बर्लिनची भिंत पडते, पूर्व जर्मनीतली जुनी व्यवस्था कोसळते, मग ती जागी होते, आणि तिला धक्का बसू नये म्हणून मुलगा जुन्या ब्रँडच्या श्प्रेवाल्डच्या काकड्यांसाठी गावभर हिंडतो. दुकानातून माल गायबच झालाय. मग जुन्या बरण्यांमध्ये नव्या काकड्या भरतो. बाईंनी गृहपाठ दिला होता: तुमच्या घरातली अशी कुठली बरणी आहे, जी उद्या बाजारातून गेली तर आजीला कळू द्यायची नाही? मी गोटीच्या सोड्याच्या बाटलीवर जर्मनमध्ये दीड पान लिहिलं होतं. आयुष्यात तेवढं जर्मन पुन्हा लिहिलं नाही.

---

बघू_नंतर

माझा अनुभव उलट्या बाजूचा आहे. मी मुंबईत प्रौढांना मराठी शिकवतो. बँकेत बदली होऊन आलेले, हॉस्पिटलातल्या नर्सताई, असे लोक. त्यांना संस्कृती ‘आवडायला’ नको असते, उद्या सकाळी काउंटरवर कामाला यायला हवी असते.

त्यांचा पहिला अपघात कायम ‘नको’ या शब्दावर होतो. केरळहून आलेल्या एका विद्यार्थ्याने सांगितलं, ‘सर, सहकाऱ्याच्या घरी गेलो, त्यांनी विचारलं पोहे घेणार का, मी पुस्तकात शिकल्याप्रमाणे म्हटलं, नको. त्या ताटली घेऊन आत गेल्या. मला भूक लागली होती सर!’ गंमत म्हणजे सहकाऱ्याची बायको नागपूरची, आग्रहाला कमी पडणारी नव्हे. पण याने ‘नको’ इतकं ठणठणीत म्हटलं की बिचारीला वाटलं पथ्य असेल. आपलं ‘नको’ कसं असतं? ‘नको नको, आत्ताच खाऊन निघालो’, आणि तोवर हात पुढे आलेला असतो. हे व्याकरणाच्या पुस्तकात कुठे छापणार? यासाठी मी पाहुणे घरी येतात असे प्रसंग वेगवेगळ्या सिनेमांतून काढून ठेवलेत. आवाज बंद करून ते बघायचे आणि माणूस खरंच नको म्हणतोय की नाही ते हातावरून ओळखायचं.

दुसरा शब्द ‘बघू’. साहेब ‘बघू’ म्हणाले म्हणजे काम झालं असं समजून लोक पेढे आणायला निघतात.

आणि चैतन्य ताम्हाणेंचा ‘कोर्ट’ (२०१४) माझ्या वर्गाचा मुख्य खाऊ आहे. त्यातली सरकारी वकील बाई कोर्टात कलमं आणि जुने कायदे एका सुरात वाचत जाते, श्वास घ्यायलाही थांबत नाही. तीच बाई लोकलमध्ये मैत्रिणीशी गप्पा मारते, घरी येऊन स्वयंपाक करते. मी दोन तुकडे पाठोपाठ लावतो. एकच बाई आणि बोलण्याची दोन रूपं. माझ्या नर्सताई म्हणाल्या, ‘आम्हीपण वॉर्डात असंच बोलतो, घरी वेगळं.’ मग त्यांच्या मल्याळममधली दोन रूपं त्यांनी आम्हाला बोलून दाखवली. तो तास मी शिकवला नाही, मी नुसता बसलो होतो.

सबटायटलबद्दल कुणी बोललंच नाही अजून. इंग्रजी सबटायटलमध्ये तू, तुम्ही, आपण सगळे एकाच शब्दात जातात. नवरा-बायको, मालक-नोकर, भांडण-समेट, सगळं सपाट. म्हणून मी कागदाची पट्टी लावून पडद्याचा खालचा भाग झाकतो. होय, अक्षरशः सेलोटेप लावून.

---

तळटीप

सबटायटल झाकण्याच्या पुढची पायरी सांगते. मुलांनाच सबटायटल लिहायला लावा. जपानीत घराबाहेर पडताना म्हणतात ‘इत्तेकिमासु’. इंग्रजी पट्टीवर येतं की मी निघालो. पण शब्दशः ते आहे ‘जाऊन येतो’. आमच्या वर्गात मराठी पट्टी लिहायला सांगितली की पहिल्या फटक्यात सगळे लिहितात, ‘येतो हं!’ इंग्रजीतून शिकणाऱ्याला जे पाठ करावं लागतं ते मराठी पोराला आजीने फुकट शिकवलेलं असतं. दारातून निघताना ‘जातो’ म्हणालं की कशी ओरड बसायची, आठवतंय ना?

---

कोकणकडा

माझ्या यादीवरून एवढं होईल असं वाटलं नव्हतं. तरी ‘श्वास’ सोडू नका. ऑपरेशनच्या आधी आजोबा नातवाला हॉस्पिटलातून बाहेर घेऊन जातात, डोळ्यांनी जग बघून घे म्हणून. तो भाग लावा आणि काहीच विचारू नका. सगळ्याचा तास करायलाच हवा का?

---

शब्दकोडं

कोकणकडा, याला मात्र पूर्ण अनुमोदन.

---

रविवारची_बाई

तीन आठवड्यांनी परत आलेय. हिशोब देते.

पहिला रविवार: ‘माउली’ची माफी मागितली. एलिझाबेथ एकादशीतला यात्रेच्या गर्दीचा तुकडा परत लावला, पट्टी झाकून. (सेलोटेपने लायब्ररीच्या पडद्याला डाग पडला, तो मी लिंबू लावून काढला, कुणाला सांगू नका.) मग ठरवलं की आजचा तासभर वर्गात सगळ्यांनी एकमेकांना माउलीच म्हणायचं. ‘माउली, खोडरबर दे.’ ‘माउली, माझा नंबर आहे.’ दहा मिनिटं नुसता दंगा. मग एक मुलगी म्हणाली, माउली म्हटलं की ‘दे’ म्हणायला कसंतरी वाटतं, ‘द्या’ म्हणावंसं वाटतं. आदरार्थी बहुवचनावर मी गेल्या वर्षी तीन तास घालवले होते!

दुसरा रविवार: सबटायटल लिहायचे. मी चार शब्द दिले: उष्टं, सोवळं, माहेर, माउली. ‘उष्टं’वर जोरदार वाद झाला, शेवटी एकाने बाटलीला तोंड लावून दाखवलं आणि लिहिलं, ‘आता ही फक्त माझी’. ‘सोवळं’ कुणालाच जमलं नाही, मलाही नाही. ‘माहेर’ला बहुतेकांनी आईचं घर लिहिलं. बारा वर्षांच्या एका मुलाने इंग्रजीत जे लिहिलं त्याचं मराठी असं होईल: जिथे ती अजून लहान असते ते घर. त्याची आई पाच वर्षांत भारतात गेलेली नाही. मी तो कागद ठेवून घेतलाय.

तिसरा रविवार: करमाळा एक्सप्रेस, तुमच्यासाठी. साधीभोळी आई, तुमच्यासाठीसुद्धा, कारण तुमचं वाचून मी आधी सगळ्या पालकांना मेल केली, तुकडा कुठला ते सांगितलं आणि नको असेल त्यांना कळवायला सांगितलं. सात जणांनी होकार दिला. बाकी दोघांना शेजारच्या गटात बसवलं. फँड्रीतला फक्त राष्ट्रगीताचा प्रसंग लावला. जब्याचं कुटुंब डुक्कर पकडत असतं, ते जवळजवळ हाताशी आलेलं असतं, शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं, सगळं कुटुंब जागच्या जागी उभं राहतं आणि डुक्कर निघून जातं.

आधी सगळे हसले. ही मुलं शाळेत रोज सकाळी झेंड्यापुढे छातीवर हात ठेवून उभी राहतात, त्यामुळे पुतळा होणं त्यांना बरोबर कळलं. एक म्हणाला, ‘डुकराला नॅशनल अँथेम येत नाही म्हणून ते सुटलं.’ परत हसले. मी काही बोलले नाही, तुकडा दुसऱ्यांदा लावला. या वेळी एका मुलीने विचारलं, ‘शाळा चालू आहे ना? मग जब्या बाहेर का आहे?’

कुणी हसलं नाही. मी उत्तर दिलं नाही, म्हटलं सगळ्यांनी आपापला अंदाज लिहा. मराठीत. सात जणांनी लिहिलं. शुद्धलेखन विचारू नका, पण एकही ओळ आईच्या अक्षरात नव्हती आणि कुणीही ‘छान’ लिहिलं नव्हतं.

---

साधीभोळी_आई

मेल पाठवून विचारलंत ते आवडलं. तो तुकडा मी काल मुलाबरोबर घरी बघितला. त्याने जे विचारलं ते इथे लिहीत नाही. बराच वेळ बोललो आम्ही, अर्धं मराठीत.

---

करमाळा_एक्सप्रेस

ताई, एवढं पुष्कळ झालं. पुढच्या सुट्टीत पुण्याला आलात तर जेऊर फार लांब नाही, मुलाला घेऊन या. शेंगाची चटणी आणि भाकरी मिळेल. आणि आधीच सांगून ठेवतो, आमच्याकडे एकदाच ‘नको’ म्हटलेलं चालत नाही.

---

बघू_नंतर

@रविवारची_बाई, ‘आता ही फक्त माझी’ हे मी चोरतोय. उष्टं शिकवायला इतकी वर्षं मी डोकं फोडत होतो.

---

रविवारची_बाई

खुशाल चोरा. जाता जाता एक अवांतर. तळटीप यांचं ‘इत्तेकिमासु’ मी वर्गात सांगितलं. निघताना ‘बाय’ म्हणायचं नाही, ‘येतो’ किंवा ‘येते’ म्हणायचं असा नियम केला. माउलीवाला मुलगा दारात थांबून, मान वाकवून, अगदी मोठ्याने ‘येतो, माउली!’ म्हणून गेला. आणि पुढच्या रविवारी सॉकरची मॅच होती म्हणून आलाच नाही.